जिंकल्यावर म्हणायचं

कावळा फ्लडलाइटच्या खांबावर आमच्याकडे पाठ करून बसला होता.

खाली नदीकाठच्या चिखलात आम्ही तिघं उभे होतो. मी, आई आणि ठाण्याहून आलेले भालूकाका. समोर ॲल्युमिनियमच्या ताटलीत तीन पिंड. बाबांचा दहावा होता. नदीला नदी म्हणायचं ते नकाशात तसं छापलंय म्हणून. क्रॉसबेकच्या लोकरीच्या गिरण्या बंद पडून वर्षं झाली होती, तरी पाणी अजून कुणाच्या तरी जुन्या कोटाच्या रंगाचं होतं. पलीकडच्या काठावर क्रॉसबेक रोव्हर्स या रग्बी लीग क्लबचं मैदान होतं आणि कावळा बसला होता तो खांब त्या मैदानाचा.

इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या त्या कोपऱ्यात भटजी मिळण्यासारखा नव्हता. म्हणून काकांनी ठाण्याच्या गुरुजींकडून दशक्रियेची कॅसेट भरून आणली होती. टेपरेकॉर्डर छत्रीखाली ठेवला होता, आम्ही छत्रीबाहेर होतो. गुरुजी मंत्र म्हणत, "आता अंगठ्याच्या बाजूनं पाणी सोडा" असं सांगून थोडे थांबत, आणि त्या थांबण्यात त्यांच्या घरच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत. शेवटी "आता काकस्पर्शाची वाट पाहा" असं म्हणून गुरुजी गप्प झाले. कॅसेट नुसतीच खरखरत राहिली.

आम्ही वाट पाहिली. कावळ्यानं मान वळवूनही पाहिलं नाही.

"याचं काहीतरी राहिलंय," काका म्हणाले. ते हात जोडून खांबाकडे वळले. "मनोहर, वहिनींची काळजी करू नकोस. त्यांना मी ठाण्याला घेऊन जातो. कायमचं."

"मी कुठं म्हटलं मी येते म्हणून?" आई म्हणाली.

"वहिनी, आत्ता नको. त्याला ऐकू जातंय."

कावळा हलला नाही. काकांनी घसा खाकरला. "शाल्मलीचं लग्न मी स्वतः लावून देईन. मुलगा डॉक्टरच बघू. आपल्यातलाच बघू."

कावळा एक उडी मारून खांबाच्या पलीकडच्या टोकाला गेला.

"बघा," मी म्हटलं.

"तू थट्टा करू नकोस. तू काहीतरी बोल त्याच्याशी. तुझ्या बापाचं काय राहिलं होतं गं?"

माझे पाय गारठले होते. नाकातून पाणी गळत होतं आणि ते रडण्याचं आहे की थंडीचं, हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं. बाबांचं काय राहिलं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. ते समोर, नदीच्या पलीकडे होतं.

"बाबा," मी म्हटलं, "तुमचा उरलेला सीझन मी बघीन. इथला एकही सामना चुकवणार नाही."

कावळा सरळ खाली आला. त्यानं एक पिंड फोडला, दुसरा चोचीत घेतला, तिसऱ्यावर पाय दिला आणि ताटली चिखलात उलटी करून निघून गेला. छत्रीखाली कॅसेट संपली, खट्कन उलटली आणि दुसऱ्या बाजूची सत्यनारायणाची पूजा सुरू झाली.

"घ्या," काका म्हणाले. "इतकी वर्षं बायकापोरांसाठी राबला, आणि जीव कशात अडकला तर खेळात."

घरी जाताना मी आईला म्हटलं, "तू फिजिक्स शिकलेली बाई. तू हे मानतेस?"

"मी नाही मानत."

"मग?"

"मग काय? कबूल तू केलंस. मी नाही."

*

आमच्या घरात खेळाबद्दल कुणी बोलत नसे. खरं तर बाबा घरात कशाबद्दलच फार बोलत नसत, आणि जे बोलत ते इंग्रजीत. कारण मी पाच वर्षांची असताना शाळेतल्या बाईंनी त्यांना बोलावून घेतलं होतं. मुलगी वर्गात गप्प बसते, दोन भाषांमुळे तिच्या डोक्यात गोंधळ होतो आहे, घरात एकच भाषा ठेवा, आणि ती कुठली हे सांगायला नकोच, असं त्या म्हणाल्या. बाबा गावचे डॉक्टर होते. तज्ज्ञानं सांगितलेलं औषध रोग्यानं पूर्ण घ्यायचं असतं, अशी त्यांची श्रद्धा. त्या संध्याकाळपासून ते माझ्याशी मराठीतला एक शब्द बोलले नाहीत. आईनं ते औषध पहिल्याच दिवशी मोरीत ओतलं. त्यामुळे मला मराठी आली ती आईची, आणि पुढे तिच्या कपाटातल्या पुस्तकांची. स्वयंपाकघर मराठी, बैठकीची खोली इंग्रजी, आणि मधल्या दारात मी. मी वर्गात गप्पच बसत राहिले, ती गोष्ट वेगळी.

बाबांचं इंग्रजी इस्त्री केलेलं असे. "शाल्मली, कृपया दार लावशील का?" "शाल्मली, तुझे गुण समाधानकारक आहेत." समाधानकारक हे त्यांचं सर्वांत मोठं कौतुक. पाचव्या वर्षाच्या आधी ते माझ्याशी मराठीत बोलत असणारच. काय बोलत, ते मला काही केल्या आठवत नसे. मोठेपणी, लीड्सच्या ग्रंथालयात नोकरीला लागल्यावर, मी कितीदा तरी आठवून पाहिलं. एक वाक्यही नाही. दार होतं, बूट होते, त्यांच्या कोटाचा ओला वास होता, आवाज नव्हता.

आणि दर पंधरा दिवसांनी, रविवारी दुपारी, हा माणूस दोन स्वेटर घालून, थर्मास घेऊन बाहेर पडे आणि अंधार पडताना घसा बसवून परत येई. "थंडी बाधली," म्हणे. आम्ही त्यांना आल्याचा चहा देत असू.

*

पहिल्या सामन्याला मी पुस्तक घेऊन गेले.

बाबांची जागा जुन्या लाकडी स्टँडमध्ये होती, खांबाच्या मागे, जिथून अर्धं मैदान दिसत नाही. पुढे कळलं की सीझनभर तो खांब हीच त्या जागेची जमेची बाजू होती. शेजारी सत्तरीचा एक गोल म्हातारा बसला होता. त्याचं नाव केन. पूर्वी खाणीत होता. त्याची बोली यॉर्कशरची, आणि ती मला कायम कोल्हापूरकडची वाटत आली आहे; पुस्तकी मराठीत ती आणली तर त्याचं भूत माझ्या मानगुटीवर बसेल.

"डॉक्टरची पोरगी न्हवं का तू?" तो म्हणाला.

"हो."

"त्यानं पुस्तक न्हाई आनलं कधी."

मी पुस्तक मिटलं. खाली तेरा माणसं तेरा माणसांच्या अंगावर धावून जात होती. खेळ समजायला अवघड नव्हता. चेंडू पोटाशी धरून समोरच्याच्या अंगावर पळायचं. तो पाडतो. उठायचं, पुन्हा पळायचं. सहाव्यांदा पाडलं की चेंडू मुकाट्यानं त्याला देऊन टाकायचा. चेंडू हातानं पुढे फेकायला बंदी. फेकायचा तो मागच्या माणसाकडे. समोरच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की चार गुण. गिरगावात कबड्डी खेळून वाढलेल्या माणसाला हे पाहून घरची आठवण येणं शक्य होतं, एवढं मी बाबांच्या बाजूनं मान्य केलं. क्रॉसबेक रोव्हर्स मात्र पळायच्या आधीच पडत होते.

मग रेफरीनं रोव्हर्सच्या विरुद्ध कसली तरी शिट्टी वाजवली. माझ्या मागेपुढे बसलेली चाळीस-पन्नास म्हातारी माणसं एकदम उभी राहिली. चपट्या टोप्या, लाल नाकं, हातात ‘पाय’ म्हणतात त्या मटण भरलेल्या इंग्रजी करंज्या. आणि एका सुरात ओरडली,

"अरे आंधळ्या!"

मला वाटलं, दहा-बारा दिवसांच्या जागरणाचा परिणाम.

खाली कुणीतरी कुणाच्या तरी पायात घुसला. "पकड! पकड! पाय पकड! सोडू नको मेल्याला!"

"हे काय म्हणताय तुम्ही?" मी केनला विचारलं.

"म्हंजे? तुला ठावं न्हाई? तुझ्या बापाची भाषा ही."

"ती ठाऊक आहे. तुम्हाला कशी येते?"

"वीस वर्सं बसलोय त्याच्या शेजारी. यील न्हाई तर काय?" केननं पायचा तुकडा तोडला. "लई बेस्ट भाषा. रेफरीला काय बी म्हना, त्याला कळतच न्हाई. एकानं केली हुती तक्रार. लीगची मानसं आली चौकशीला. डॉक्टर टाय लावून उभा राह्यला न् म्हनला, हे संस्कृत श्लोक हाईत, खेळाडूंच्या आरोग्यासाठी. त्यांनी त्येची माफी मागितली."

एवढ्यात विंगरनं, म्हणजे कडेनं पळणाऱ्या खेळाडूनं, हातातला चेंडू सोडला. गॅरी त्याचं नाव, आठवडाभर खाटीकखान्यात काम करणारा उंच मुलगा. सगळा स्टँड हताशपणे म्हणाला, "शेंबड्या..."

"हे नाव त्याला बाबांनी दिलं?"

"व्हय. म्हंजे वीज. सरसर पळतो ना. पोरानं व्हॅनवर रंगवून घेतलंय."

मी खांबाकडे पाहत बसले. बाबांनी मला आयुष्यभर समाधानकारक म्हटलं, आणि खाटीकखान्यातल्या एका पोराला शेंबड्या. माझ्या वाट्याला इस्त्रीचं इंग्रजी, आणि रेफरीच्या वाट्याला मातृभाषा. मला इतका राग आला की मी सामना संपेपर्यंत बसून राहिले.

रोव्हर्स हरले. किती गुणांनी, ते सांगत नाही. त्यांच्या घरची माणसं अजून असतील.

*

त्यानंतर मी जात राहिले. काकांना सांगताना शब्दाला जागते आहे असं सांगितलं. काका अजून आमच्याकडेच होते. व्हिसा सहा महिन्यांचा मिळाला होता आणि काका मिळालेलं काही वाया घालवत नसत. बाबांचा ओव्हरकोट घालून ते शेगडीपाशी बसत आणि मी परत आले की विचारत, "काय, जिंकले का आपल्या मनोहरचे मावळे?"

"हरले."

"अरेरे. आत्म्याला काय वाटत असेल."

खरी गोष्ट अशी की मी शब्द गोळा करायला जात होते. प्रत्येक सामन्यात एखादा नवा निघे. खिंडीत गाठणाऱ्या बचावाला "शाब्बास रे पठ्ठ्या." उशिरा उठणाऱ्याला "काय मेलास काय?" लंगडत बाहेर जाणाऱ्या प्रतिपक्षाच्या खेळाडूला, टोप्या काढून, अतिशय आदरानं, "जा बाबा, सावकाश जा." त्या माणसांच्या तोंडून येणाऱ्या वाक्यांना बाबांची चाल होती. शेवटचा शब्द किंचित ओढायचा आणि मग सोडून द्यायचा. आईची मराठी तशी नव्हती, पुस्तकांची तर नव्हतीच. डोळे मिटले की पायचा वास येत असूनही मला एक माणूस ऐकू येई, जो मला घरात कधी भेटला नव्हता. चारचौघांत जांभईसुद्धा न देणारी मी, जानेवारीपर्यंत ओठ हलवायला लागले होते.

एका बर्फाळ रविवारी, रोव्हर्स नेहमीप्रमाणे हरत असताना, मी केनला म्हटलं, "आता माझे सगळे शब्द झाले वाटतं. आज एकही नवा नाही."

"येक ऱ्हायलाय," केन म्हणाला.

"कुठला?"

"त्ये जिंकल्यावर म्हनायचं."

"म्हणजे?"

"जिंकलं, भोंगा झाला, की समद्यांनी उभं राहून, टोप्या काढून, तीनदा. डॉक्टर पयल्यांदा, मग आमी. जिंकल्याबिगर न्हाई."

"पण म्हणायचं काय?"

केननं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काकांनी नदीकाठी पाहिलं होतं. "जिंकल्याबिगर न्हाई."

"कानात सांगा."

"पोरी, येकदा येका येड्यानं हाफटाइमलाच म्हटलं. पुढं हुतो आमी तवा. भोंग्यापातुर आमच्या फुलबॅकची तंगडी मोडली न् मॅच बी गेली. डॉक्टर त्या मानसाशी वर्सभर बोलला न्हाई. औषध दिलं, बोलला न्हाई."

मी पुढच्या रांगेत विचारलं, मागच्या रांगेत विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. एकानं तर छातीवर क्रॉस केला. आमच्याकडे कावळ्यासाठी निदान कॅसेट होती; या माणसांचं सगळं पाठांतरावर चाललं होतं.

"आणि त्याचा अर्थ?"

"त्यो कुनालाच ठावं न्हाई. बाकी समद्या शब्दांचा अर्थ सांगितला त्यानं, याचा न्हाई. विचारलं की हसायचा. लई चावट असनार."

घरी येऊन मी आईला विचारलं, "मी लहान असताना बाबा मला काय म्हणायचे?"

ती भाजी निवडत होती. "खूप काही म्हणायचे. पाच वर्षांचं बोलणं. ते एका वाक्यात कसं सांगू?"

"एखादं तरी."

"त्यांनी ते बंद केलं, तेव्हा मी चार दिवस जेवले नव्हते," आई म्हणाली आणि भाजी घेऊन आत गेली. मी पुन्हा विचारलं नाही.

*

म्हणून मी, जिला खेळाडूंची नावंही धड माहीत नव्हती, रोव्हर्स जिंकावेत म्हणून तळमळायला लागले. नोव्हेंबरपासून ते एकही सामना जिंकले नव्हते. बाबांनी शेवटचा विजय पाहिला तो दसऱ्याच्या सुमाराला. त्यानंतर जणू दोघांनीही दम सोडला होता. फेब्रुवारीत एक सामना बरोबरीत सुटला. भोंगा वाजल्यावर मी केनकडे पाहिलं.

"अर्धं तरी?" मी म्हटलं.

"अर्धं कसलं? अर्धं लगीन असतं व्हय?"

मार्चमध्ये क्लबनं जाहीर केलं की मैदान विकलं आहे. लाकडी स्टँड उन्हाळ्यात पाडणार, तिथं सुपरमार्केट होणार, आणि रोव्हर्स पुढच्या सीझनपासून शेजारच्या गावात, उसन्या मैदानावर खेळणार. संघ खालच्या विभागात ढकलला जाणार, हे तोवर गणितानंच ठरलं होतं. केन म्हणाला, तो काही शेजारच्या गावात जायचा नाही. त्या गावाशी त्याच्या घराण्याचं आजोबांपासून भांडण होतं. पुढच्या रांगेतला एक मुलीकडे कॉर्नवॉलला चालला होता. एक जण आधीच इस्पितळात होता. म्हणजे हे चाळीस घसे पुन्हा कधी एका जागी येणार नव्हते. उरला होता एक सामना.

तो होता त्या वर्षीच्या विजेत्यांशी. आणि काकांनी नाशिकला अस्थी विसर्जनाचा मुहूर्त काढला होता, विमान त्याच रविवारी संध्याकाळी मँचेस्टरहून होतं.

"सामना सोड," काका म्हणाले. "आता साक्षात मनोहरच्या अस्थींचा प्रश्न आहे."

"कबूल केलंय."

"कावळ्याला!"

"भाऊजी, कबूल करायला तुम्हीच लावलंत," आई म्हणाली. "जाता जाता थांबू. आपण गाडीत बसू. आणि शाल्मली, त्यांनाही घेऊन जा."

"कुणाला?"

"त्यांना. शेवटचा सामना आहे."

"अस्थी काय सामन्याला नेतात, वहिनी?"

"जिवंतपणी कधी विचारलं होतं त्यांनी आपल्याला?"

तेव्हा मी पिशवी घेऊन गेटवर गेले. गेटवरच्या म्हाताऱ्यानं पिशवीत हात घातला आणि लाल फडक्यात बांधलेला कलश चाचपला. "हे काय?"

"माझे वडील."

त्यानं हात हळूच बाहेर काढला, टोपी काढली. मग टोपी परत घालून म्हणाला, "तिकीट?"

मी सीझनचं तिकीट दाखवलं. त्यानं ते वाचलं. "हे डॉक्टर चौबळांचं."

"हो."

"मग ते आत जातील. तुमचं कुठाय?"

मी माझं तिकीट काढलं.

केननं पिशवीसाठी सरकून जागा केली. "आला का," तो पिशवीला म्हणाला. "उशीर केलास."

वर्तमानपत्रानं लिहिलं होतं की या सामन्याला काही अर्थ नाही. विजेत्यांना पुढच्या शनिवारी कपाचा अंतिम सामना खेळायचा होता. त्यांनी आपले मोठे खेळाडू घरी ठेवून राखीव मुलं पाठवली होती, आणि ती मुलं आपली तोंडं मळू नयेत अशा बेतानं खेळत होती. एवढं दान पदरात पडूनही रोव्हर्स मागे होते. शेवटच्या मिनिटांत दोन गुणांनी. गाडीचा हॉर्न ऐकू येत होता. तो काकांचा.

रोव्हर्सनी चेंडू घेतला. पडले. उठले, पडले. मी उभी होते. कधी उभी राहिले, ठाऊक नाही. तिसऱ्यांदा पडले. चौथ्यांदा. पाचव्यांदा एक जाड्या असा पडला की उठेना.

"अरे ऊठ!" कुणीतरी किंचाळलं. "ऊठ मेल्या! हातपाय मोडले का तुझे?"

सगळा स्टँड वळून माझ्याकडे पाहायला लागला. ओरडणारी मी होते. शेवटचा शब्द ओढलेला, मग सोडून दिलेला.

जाड्या उठला. भोंगा वाजला, पण चेंडू खेळात होता, आणि तो खाली पडेपर्यंत सामना संपत नाही. चेंडू मागे गेला, आणखी मागे, आणि मागून येणाऱ्या गॅरीच्या हातात पडला. आता हा सोडणार, हे सबंध क्रॉसबेकला ठाऊक होतं. समोरच्या राखीव मुलालाही ठाऊक असावं, कारण त्यानं पकडण्याऐवजी वाट पाहिली. गॅरीनं चेंडू सोडला नाही. शेंबड्या खांबामागे दिसेनासा झाला आणि पलीकडून बाहेर पडला तेव्हा रेषेपलीकडे पालथा पडला होता, चेंडू पोटाखाली.

मग टोप्या उतरायला लागल्या. केननं पिशवीकडे पाहिलं, जरा थांबला, जणू पहिली पाळी त्याची नव्हती. मग त्यानं दोन्ही हात पसरले आणि छाती फुटेस्तोवर हाक दिली,

"आली माझी बाय!"

चाळीस जण मागून म्हणाले, "आली माझी बाय!" लाकडी फळ्या थरथरल्या.

पुन्हा. आणि पुन्हा.

आमच्या जुन्या घराला काचेचं दार होतं. दवाखान्यातून येऊन बाबा ते उघडायचे आणि ओला कोट न काढता, बूट न काढता, उंबऱ्यावरच उकिडवे बसायचे. दोन्ही हात पसरून. मी बोळाच्या दुसऱ्या टोकाहून पळत सुटायची. शाळेत गेले, तेव्हा बाईंनी हजेरीत शाल्मली म्हटलं, आणि मी गप्प बसले. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी बोलावताहेत. माझं नाव बाय होतं.

"पोरी," केन म्हणाला. तो धापा टाकत होता, डोळे पुसत होता, आणि ते थंडीचं आहे असं दाखवत होता. "आता तरी सांग. काय हाय ह्याचा अर्थ? वीस वर्सं म्हनतोय आमी."

पुढची रांग वळली. मागची रांग वाकली.

मी पिशवी उचलली. "रेफरीच्या आईवरून आहे," मी म्हटलं. "फार वाईट आहे. मला सांगवत नाही."

"मला वाटलंच हुतं!" केननं मांडीवर थाप मारली. "मी म्हनत न्हवतो? लई चावट मानूस!"

तृप्त होऊन ते सगळे हसले.

आई गाडीत चालकाच्या जागी बसली होती, एवढ्या थंडीत काच पूर्ण खाली केलेली. काका मागच्या सीटवरून पुढे वाकले होते, ओव्हरकोटात. त्यांनी हॉर्नवरचा हात काढला नव्हता, पण तो वाजवत नव्हते.

"हे आत कोण ओरडत होतं?" ते म्हणाले. "वहिनी, हे तर मनोहर हिला..."

"भाऊजी, पट्टा लावा," आई म्हणाली.

मी पिशवी मांडीवर घेऊन बसले. गाडी मोटरवेला लागली. माझा घसा बसला होता. आईनं न बघता पर्समधून लवंग काढून माझ्या हातावर ठेवली.

"घरी एकदाच म्हणायचे," ती म्हणाली. "इथं तीन तीनदा."